लिंबू मोटारींची शर्यत

तुमच्या मोहल्ल्यात, गल्लीच्या टोकाला एखादी जुनी मोटार महिनोन्‌महिने एकाच जागी उभी असलेली तुम्ही पाहिली असेल. टायरमधली हवा गेलेली, पत्र्याला गंज चढलेला, टपावर धुळीचा थर आणि त्या धुळीत कोणीतरी बोटाने लिहिलेले नाव. ही मोटार शर्यतीत धावणार आहे, असे कोणी म्हटले तर तुम्ही हसाल. पण अमेरिकेत अशा मोटारींचीच एक शर्यत भरते. नवी, महागडी मोटार घेऊन तेथे कोणी गेले, तर त्याची गंमत केली जाते आणि त्याच्या नावावर दंडही लावला जातो.

मोटार अगदी स्वस्त हवी, ती शेवटपर्यंत चालायला हवी आणि चालवणाऱ्याच्या केसालाही धक्का लागता कामा नये. या तीन गोष्टी एकाच वेळी कशा साधतात, ते आपण पाहू.

आधी नावाची हकीकत सांगतो. फ्रान्समध्ये ल माँ नावाचे एक शहर आहे. तेथे १९२३ सालापासून चोवीस तासांची मोटार-शर्यत होते. दुसऱ्या महायुद्धाचा व त्यानंतरचा काही काळ आणि आणखी एखादे वर्ष सोडले, तर ती दरवर्षी झालेली आहे. सुमारे साडेतेरा किलोमीटरच्या मार्गावर मोटारी रात्रंदिवस फेऱ्या मारत राहतात. २०१० साली ऑडी कंपनीच्या विजेत्या मोटारीने चोवीस तासांत ५,४१० किलोमीटर अंतर कापले. मुंबईहून दिल्लीला जाऊन परत यायचे, असे जवळजवळ दोनदा करावे, तेवढे हे अंतर आहे. अशा मोटारी बनवायला कोट्यवधी रुपये लागतात. सामान्य माणसाने ती शर्यत पाहावी, टाळ्या वाजवाव्या आणि घरी जावे.

मोटारींविषयी लिहिणाऱ्या जे लॅम नावाच्या एका अमेरिकन पत्रकाराने यावर एक तोड काढली. इंग्रजीत लिंबाला 'लेमन' म्हणतात, हे तुम्हांला माहीत आहे. अमेरिकेत मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. विकत घेतल्यावर सतत बिघडणाऱ्या, मालकाचे तोंड आंबट करणाऱ्या मोटारीलाही तेथे 'लेमन' म्हणतात. ल माँ आणि लेमन यांच्या स्पेलिंगमधील साम्य पाहून लॅम यांनी आपल्या शर्यतीला 'ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स' असे नाव दिले. म्हणजे लिंबांची चोवीस तासांची शर्यत! २००६ साली कॅलिफोर्नियातील आल्टामाँट येथे ती पहिल्यांदा झाली. पुढे ती अमेरिकेतील अनेक ठिकाणी होऊ लागली. नावात चोवीस तास असले, तरी बहुतेक वेळा शनिवार आणि रविवार मिळून चौदा-पंधरा तासच मोटारी धावतात. मधली रात्र विश्रांतीची असते. अर्थात ज्यांची मोटार बिघडली असेल, त्यांना कसली विश्रांती!

मराठीतील 'शर्यत' हा शब्द आणि उर्दूतील 'शर्त' हा शब्द एकमेकांच्या नात्यातले आहेत. या शर्यतीत तर शर्तींनाच मोठा मान आहे. पहिली शर्त पैशाची. मोटार विकत घेणे आणि ती शर्यतीसाठी तयार करणे, यांसाठी ५०० डॉलरपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. आपल्या हिशेबाने ही रक्कम चाळीस-पंचेचाळीस हजार रुपयांच्या आसपास जाते. तेथे कारागिराची मजुरी फार महाग असते. म्हणून जुन्या मोटारीचे इंजिन किंवा गिअर बॉक्स बिघडला, की दुरुस्तीचा खर्च मोटारीच्या किमतीपेक्षा जास्त होतो आणि मालक ती मिळेल त्या भावाने काढून टाकतो. आपल्याकडे कुर्ल्याच्या बाजारात जुन्या मोटारीचा भाग अन् भाग पुन्हा कामाला लागतो. तेथे पूर्ण मोटार भंगारात जाते. शर्यतीची हौस असलेले लोक तिला तेथून उचलतात.

खर्च कमी करण्याची एक वाटही नियमांनी मोकळी ठेवली आहे. मोटारीचे जे भाग शर्यतीत लागत नाहीत, ते विकून आलेले पैसे खर्चातून वजा करता येतात. मागची सीट, गालिचा, गाणी वाजवण्याचे यंत्र हे सगळे विकून टाकता येते. शर्यतीच्या आदल्या दिवशी परीक्षक प्रत्येक मोटारीभोवती फिरतात, बॉनेट उघडतात, खाली वाकून पाहतात आणि मालकाला प्रश्न विचारतात. ही मोटार ५०० डॉलरची नाही, असे त्यांना वाटले तर प्रत्येक जादा १० डॉलरमागे एक फेरी कापली जाते. म्हणजे शर्यत सुरू होण्याआधीच तो संघ मागे पडतो.

इतक्या स्वस्त मोटारीने चौदा तास कसे काढायचे? येथे वेगापेक्षा हिशेब कामाला येतो. आपण एक उदाहरण सोडवू. समजा, शर्यत १४ तासांची, म्हणजे ८४० मिनिटांची आहे. पहिली मोटार वेगवान आहे. ती दोन मिनिटांत एक फेरी पूर्ण करते. पण ती वरचेवर बिघडते आणि दुरुस्तीत तिचे तीन तास जातात. उरलेल्या ६६० मिनिटांत तिच्या ३३० फेऱ्या होतात. दुसरी मोटार सावकाश चालते. तिला एका फेरीला २ मिनिटे २० सेकंद लागतात. पण ती पेट्रोल भरण्यासाठी आणि चालक बदलण्यासाठीच थांबते. त्यात तिची ४० मिनिटे जातात. उरलेल्या ८०० मिनिटांत तिच्या ३४२ फेऱ्या होतात. सावकाश चालणारी मोटार १२ फेऱ्यांनी पुढे! ससा आणि कासव यांची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. येथील ससा झोपत नाही, तो दुरुस्तीच्या जागेत जॅकवर उभा असतो.

म्हणून जाणते लोक जुनी मोटार हाती आली, की तिचा वेग वाढवण्याच्या मागे लागत नाहीत. प्रथम ते तिला हलकी करतात. गालिचे, सीटा, दारांच्या आतील प्लास्टिक, खिडक्यांच्या काचा सगळे काढतात. वजन कमी झाले, की टायर कमी झिजतात, पेट्रोल कमी लागते आणि ब्रेकवरचा भार उतरतो. शिवाय आग लागलीच, तर पेटण्यासारख्या वस्तू आत उरत नाहीत. मग रबराचे जुने होज पाइप, फॅन बेल्ट आणि चाकांची बेअरिंगे बदलतात. या वस्तू फार महाग नसतात. पण त्यांतील एखादी तुटली, तरी मोटार जागच्या जागी उभी राहते. आठ-दहा रुपयांच्या क्लिपपायी रेडिएटरचे पाणी गेले आणि त्यामुळे इंजिन जळाले, असे प्रकार आपल्याकडच्या गॅरेजवाल्यांनाही नवे नाहीत.

इंजिनाचा मोठा शत्रू म्हणजे वळण. हे वाचून तुम्हांला नवल वाटेल. इंजिनाच्या तळाशी ऑइल चेंबर असते. त्यातले ऑइल पंप खेचून घेतो आणि फिरणाऱ्या भागांपर्यंत पोहोचवतो. तुम्ही ताटात पाणी घेऊन धावत वळलात, तर पाणी एका कडेला जाते. शर्यतीतील लांब वळणावर ऑइलचेही तसेच होते. ते चेंबरच्या एका बाजूला चढते, पंपाच्या तोंडाशी ऑइल राहत नाही आणि पंप हवा खेचू लागतो. काही क्षण बेअरिंगवर ऑइल नसते. धातूवर धातू घासतो. असे शेकडो वळणांवर झाले, की बेअरिंग संपते आणि इंजिन जाम होते. उपाय साधा आहे. चेंबरमध्ये पत्र्याचे आडवे-उभे पडदे वेल्ड करतात. त्यामुळे ऑइल एकदम एका बाजूला पळत नाही. पत्र्याचे दोन-चार तुकडे आणि एका दुपारची मेहनत, एवढ्यात इंजिन वाचते.

आता ब्रेकचा विचार करू. तुम्ही विज्ञानात गतिज ऊर्जेचे सूत्र शिकला असाल. १,००० किलोग्रॅम वजनाची मोटार सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर वेगाने वळणाकडे येत आहे. चालकाने ब्रेक दाबून वेग निम्म्यावर आणला. सूत्रात आकडे घालून पाहा. मोटारीची ३,३७,५०० ज्यूल ऊर्जा कमी झाली. ही ऊर्जा गेली कोठे? ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन बसली. एक लिटर थंड पाणी उकळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ही उष्णता आहे. म्हणजे चालकाने एकदा ब्रेक दाबला आणि चहाची किटली उकळली! एका फेरीत असे चार-पाच वेळा होते आणि फेऱ्या तर तीनशेच्या वर. रोजच्या वापराचे ब्रेक यासाठी बनवलेलेच नसतात. थोड्याच वेळात पॅड इतके तापतात, की त्यांची पकड सुटू लागते.

याहून धोक्याची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. चालकाने पायाने दिलेला दाब चाकांपर्यंत एका द्रवातून पोहोचतो. त्याला गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल म्हणतात. हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. 'डॉट ४' या प्रकारचा नवा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्यात ओलावा मुरला, की तोच द्रव १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकतो. उकळला, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग चालक पायाने ब्रेक दाबतो, पायपट्टी थेट तळाला जाते आणि चाकांना काहीच कळत नाही. समोर वळण असते! म्हणून शर्यतीआधी जुने ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवे भरतात, चांगले पॅड बसवतात आणि पुढच्या बंपरमधून पाइप नेऊन ब्रेकवर वारा सोडतात. ब्रेक, टायर आणि चाके यांवर केलेला खर्च ५०० डॉलरमध्ये धरत नाहीत. यातच नियम करणाऱ्यांचा शहाणपणा आहे. तो खर्च धरला असता, तर पैसे वाचवण्यासाठी लोकांनी जुनेच पॅड चालवले असते.

सुरक्षेच्या कोणत्याही साधनाचा खर्च त्या ५०० डॉलरमध्ये येत नाही आणि त्यात कसलीही सवलतही नाही. मोटारीच्या आत पोलादी नळ्यांचा एक पिंजरा वेल्ड करावा लागतो. चालकाच्या डोक्यामागून एक मोठी कमान उभी राहते. तिच्यापासून टपाच्या कडेने, पुढच्या काचेच्या बाजूने आणि दारांच्या आतून नळ्या जातात. कमानीत एक तिरपी नळी असते, कारण नुसती चौकट बाजूने ढकलली तर झुकते. त्रिकोण झुकत नाही. मोटार उलटली, तर तिचे वजन गंजलेल्या टपावर न पडता या पिंजऱ्यावर पडते. नळी कोणत्या पोलादाची, किती व्यासाची आणि किती जाडीची असावी, हे मोटारीच्या वजनाप्रमाणे ठरलेले असते. पाण्याच्या नळाचा पाइप कोणी वापरला, तर मोटार मैदानात उतरूच देत नाहीत. परीक्षक प्रत्येक जोड पाहतात. मोटारीच्या किमतीवर हसणारे, विनोद करणारे तेच परीक्षक पिंजऱ्याजवळ आले, की एकदम गंभीर होतात.

या पिंजऱ्याखेरीज शर्यतीची खास सीट, खांदे, कंबर आणि मांड्या यांवरून येणारे अनेक पट्ट्यांचे बंधन, आग सहन करणारा पोशाख, हेल्मेट, आग विझवण्याचे साधन आणि एका झटक्यात बॅटरी बंद करणारे बटण, हे सगळे लागते. हिशेब केला तर ५०० डॉलरच्या मोटारीत सुरक्षेची हजारो डॉलरची साधने बसलेली असतात. कोणी म्हणेल, हा तर उलटा न्याय झाला. मला तो अगदी सरळ वाटतो.

कारण मोटार-शर्यतीने माणसांचे प्राण घेतलेले आहेत. ११ जून १९५५ रोजी ल माँ येथेच एक मोटार दुसरीवर आदळून प्रेक्षकांत शिरली आणि चालकासह ८० हून अधिक माणसे मरण पावली. त्यानंतर प्रेक्षकांच्या जागा आणि शर्यतीचे मार्ग यांचा नव्याने विचार सुरू झाला. आणखी एक घटना सांगतो. अमेरिकेतील नामांकित चालक डेल अर्नहार्ट २००१ साली डेटोना येथील शर्यतीत भिंतीवर आदळून मरण पावले. पट्ट्यांनी शरीर जागेवर राहते. पण हेल्मेट घातलेले जड डोके पुढे फेकले जाते आणि कवटीच्या तळाशी जीवघेणा ताण येतो. यावरचा उपाय खरे तर तयार होता. रॉबर्ट हबर्ड नावाचे एक प्राध्यापक आणि जिम डाउनिंग हे शर्यतीतले चालक एकमेकांचे नातेवाईक होते. या दोघांनी १९८०च्या दशकातच खांद्यांवर बसणारी एक चौकट बनवली होती. तिला हेल्मेट छोट्या पट्ट्यांनी बांधतात. धक्का बसला, की डोके आणि खांदे बरोबरच पुढे जातात. मान ताणली जात नाही. पण पुष्कळ चालकांना ती अवघडल्यासारखी वाटे. अर्नहार्ट यांच्या मृत्यूनंतर तिचे महत्त्व सर्वांना पटले. आज लिंबू मोटारींच्या शर्यतीतही असे साधन लावल्याशिवाय चालकाला सोडत नाहीत.

एका संघात चार-सहा चालक असतात. त्यांत कोणी कारकून असतो, कोणी शिक्षक, कोणी सुतार. शर्यतीचा पूर्वीचा अनुभव असलाच पाहिजे, अशी शर्त नाही. एक चालक साधारण दीड-दोन तास चालवतो. आत पंखाही नसतो आणि अंगावर जाड पोशाख असतो. त्यामुळे काही जण पोशाखाखाली बारीक नळ्या शिवलेला सदरा घालतात आणि बर्फाच्या पेटीतून गार पाणी त्या नळ्यांतून फिरवतात. पेट्रोल भरताना इंजिन बंद, चालक बाहेर आणि एक जण आग विझवण्याचे साधन हातात धरून उभा, हा नियम कोणालाही मोडता येत नाही.

मार्गावर एकाच वेळी शंभराहून अधिक मोटारी असू शकतात. हुशार आणि नवखे सगळे एकत्र. म्हणून निशाणांचा हुकूम पाळावा लागतो. पिवळे निशाण दिसले, की पुढे धोका आहे, कोणालाही ओलांडायचे नाही. काळे निशाण एखाद्या मोटारीला दाखवले, तर तिने मार्ग सोडून परीक्षकांसमोर हजर व्हायचे. दोन मोटारी एकमेकींना लागल्या, तर दोघींनाही काळे निशाण! चूक कोणाची, यावर वाद घालायला वावच ठेवलेला नाही. पुन्हा पुन्हा असे झाले, तर संघाला घरी पाठवतात. गर्दीच्या रस्त्यावर 'माझी चूक नव्हती' म्हणत भांडणाऱ्यांना हा नियम लावला तर काय होईल, याची कल्पना करून पाहा.

आपल्या देशात अशा कामाची आवड असलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी 'बाहा' नावाची स्पर्धा २००७ सालापासून होते. तिच्यात भंगारातील मोटार घ्यायची नसते. खडबडीत जमिनीवर चालणारी एका माणसाची छोटी गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः बनवायची असते. पण चार तास न थांबता धावण्याची कसोटी तिच्यातही असते आणि नळ्यांचा पिंजराही असतो. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांचे संघ तिच्यात उतरतात.

लिंबू मोटारींच्या शर्यतीत सजावटीलाही मोकळीक आहे. २०१३ साली एका संघाने जुन्या सेस्ना विमानाचे धड टोयोटाच्या एका जुन्या व्हॅनच्या सांगाड्यावर बसवले आणि ते चक्क शर्यतीत चालवले. त्याच संघाने एका मोटारीचा सांगाडा उलटा करून दुसऱ्या मोटारीवर चढवला होता. मार्गावर जणू चाके आभाळाकडे करून मोटार धावत होती! पिंजरा अर्थात त्यांनाही चुकला नाही.

सर्वांत जास्त फेऱ्या करणाऱ्याला येथे बक्षीस मिळते. पण ज्या बक्षिसाची सगळे संघ आशा धरतात, ते वेगळे आहे. सर्वांत वाईट मोटार घेऊन जो संघ सर्वांत चांगली कामगिरी करतो, त्याला ते देतात. परीक्षक त्यासाठी मोटारीचे वय, तिची मूळची दुबळी रचना आणि तिने केलेल्या फेऱ्या या सर्वांचा विचार करतात. रविवारी संध्याकाळी चौकटीचे निशाण पडते, तेव्हा पहिल्या आलेल्या मोटारीकडे थोडेच लोक धावतात. बाकीची गर्दी धूर सोडत, खडखडत, कधी एखादा भाग तारेने बांधून शेवटची फेरी पूर्ण करणाऱ्या मोटारीभोवती जमते. तिचे चालक हेल्मेट काढून बाहेर येतात आणि पहिल्यांदा बॉनेट उघडून पाहतात, की आत काय काय शिल्लक राहिले आहे.